घाई घरूनच निघते

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या सफारी मार्गावर ‘एफ-२’ ही वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. एका बाजूला जिप्स्यांची रांग लागली, दुसऱ्या बाजूलाही लागली आणि मधल्या तुकड्यात आई आणि पिल्लं अडकली. पर्यटकांनीच काढलेले व्हिडिओ पाहता पाहता सगळीकडे फिरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले, त्यांना दंडही झाला.

कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्या गाड्या चालवणारे आणि त्यांत पुढे बसलेले गाईड हे आसपासच्या गावांतले तरुण असतात. वाघ त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो. वाघिणीला आडवं जाण्याची त्यांना स्वतःला काहीच गरज नसते. गरज असते ती मागच्या बाकांवर बसलेल्यांना. वर्षअखेरीची दोन दिवसांची सुट्टी, त्यात मिळालेली एकच सफारी, पाचशे-सातशे किलोमीटरचा प्रवास, मुलांना घरी दिलेलं वचन. हे सगळं त्या तीन-चार तासांवर येऊन बसलेलं असतं. “भाऊ, जरा पुढे घ्या ना,” हा आवाज विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक जंगलात मी ऐकला आहे. तो उर्मट नसतो, बहुतेक वेळा अजिजीचाच असतो. पण दहा गाड्यांतून तो एकाच वेळी आला की वाघिणीची वाट बंद होते.

जंगलातल्या या गर्दीचं मूळ गेटवर सापडत नाही. ते आपण दिवाळीनंतर किंवा मे महिन्यात सहल आखायला बसतो तिथे, आपल्या घरात असतं. किती दिवस जायचं, कोणत्या ऋतूत, किती सफाऱ्या, कोणतं गेट आणि मुख्य म्हणजे काय पाहायला जायचं, हे ज्या तऱ्हेने ठरतं तशी माणसं जिप्सीत वागतात. म्हणून हा लेख सहलीच्या आखणीबद्दल आहे, आणि उदाहरण म्हणून समोर ठेवला आहे ताडोबा. मराठी माणसाच्या व्याघ्रपर्यटनाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या या जंगलाला नाव मिळालं ते तारू या गोंड वीरावरून. वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि लोकांनी त्याला देव मानलं, अशी कथा सांगितली जाते. ताडोबा तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौष महिन्यात आदिवासी भाविकांची तिथे जत्रा भरत असे. वाघाच्या हातून मेलेला माणूस जिथला देव आहे, त्या जंगलात आपण पाहुणे म्हणून शिरतो. १९५५ साली इथलं ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. १९८६ मध्ये लगतचं अंधारी अभयारण्य घोषित झालं आणि नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. आज कोअर म्हणजे गाभा क्षेत्र सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे. त्याच्याभोवतीचा बफर अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्या बफरमध्ये पाऊणशेहून अधिक गावं नांदती आहेत.

हे आकडे सहलीच्या आखणीत उपयोगी पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटनाला तात्पुरती बंदी घातली होती. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नियमावली दिल्यानंतर १६ ऑक्टोबरला ती उठली. त्या नियमावलीनुसार गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटकांना फिरता येतं. म्हणजे मोहर्लीच्या गेटमधून आत गेल्यावर जे दिसतं तो ताडोब्याचा छोटासा हिस्सा असतो. उरलेल्या भागात वाघ कोणाच्याही नजरेविना जगतो. ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. आपल्याला दिसलं नाही म्हणजे तिथे काही नव्हतं असं होत नाही, हे मनात धरून गेलं की एक रिकामी गेलेली सकाळ जड वाटत नाही.

आता आखणीचा पहिला प्रश्न, सफाऱ्या किती. माझं उत्तर ठाम आहे. एका सफारीसाठी जाऊच नये. कमीत कमी तीन, जमल्या तर चार, आणि त्याही शक्यतो एकाच गेटमधून. बहुतेक लोक उलट करतात. एक सकाळ मोहर्लीत, एक दुपार कोलाऱ्याला, दुसऱ्या दिवशी पेंच आणि परतीच्या वाटेवर उमरेड. यात अर्धा वेळ रस्त्यावर जातो आणि जंगलाची ओळख होतच नाही. एकाच गेटमधून तिसऱ्यांदा आत गेलात की तुम्हाला वळणं कळायला लागतात. काल संध्याकाळी सांबराचा कळप या नाल्यात होता, आज तो तिथे नाही, एवढं लक्षात येणं हीच जंगल वाचण्याची सुरुवात असते. शिवाय हातात चार सफाऱ्या असलेला माणूस पहिल्या सफारीत गाईडच्या मानगुटीवर बसत नाही.

कोअरमध्ये जाण्यासाठी मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी गेटं आहेत. मोहर्ली सर्वांत जुनं आणि सर्वांत गजबजलेलं. चंद्रपूरहून यायला ते सोयीचं आणि आत तेलिया तलावाचा परिसर. नागपूरकडून उमरेड-भिसी-चिमूर या रस्त्याने आलात तर कोलारा आणि नवेगाव जवळ. बफरमध्ये आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा, निमढेला, मदनापूर अशी कितीतरी गेटं आहेत. बफर म्हणजे दुय्यम दर्जाचं जंगल अशी समजूत अजून आहे, ती सोडून द्यावी. वाघाच्या नकाशावर कोअर-बफरची रेघ नसते. गर्दी पांगवायची असेल तर बफरकडे वळणं हा पर्यटकाच्या हातातला सर्वांत सोपा उपाय आहे. बफरमध्ये सफारी घेतली की तिथल्या गावातली जिप्सी, तिथलाच गाईड आणि तिथलीच खानावळ चालते, हा आणखी एक फायदा. त्या गावांचं वाघाशी असलेलं नातं आपल्याइतकं सोपं नाही, त्याकडे मी येतोच.

परवाने राज्याच्या वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावेत. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दर जास्त असतात आणि जागाही लवकर संपतात. कामाच्या दिवसांत गेलात तर पैसे वाचतात, धूळ कमी खावी लागते. परवान्यावर ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच गेटवर दाखवावं लागतं. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, पुढे चालक आणि गाईड. गाईड प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, आणि मला हा नियम मनापासून आवडतो. एका गाडीने वाघ पाहिला की फोनवरून सगळ्या गाड्या तिथे धावत, ते यामुळे बरंच कमी झालं.

मंगळवारी कोअर बंद असतं. हा दिवस फुकट गेला असं मानू नये. चंद्रपूरच्या गोंड राजांचा परकोट आणि महाकालीचं देऊळ पाहावं, भद्रावतीची विजासन लेणी पाहावीत किंवा वरोऱ्याला आनंदवनात अर्धा दिवस घालवावा. कोलाऱ्याकडे मुक्काम असेल तर चिमूर जवळ आहे, १९४२ च्या ऑगस्टमध्ये जिथे लोकांनी इंग्रजी अंमलाविरुद्ध उठाव केला ते गाव. जंगल पाहायला आलेल्यांनी जिल्हा पाहू नये असं कुठे आहे?

पोचायचं कसं, हे आता फार अवघड राहिलेलं नाही. मुंबईहून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे, रेल्वेने नागपूर किंवा थेट चंद्रपूर गाठता येतं. पण रात्रभर गाडी चालवून पहाटेच्या सफारीला उभं राहणं टाळावं. जिप्सीत पेंगणारी माणसं मी खूप पाहिली आहेत आणि मला त्यांचं वाईट वाटतं. चंद्रपूरहून मोहर्लीला निघालं की आधी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लागतात, दुर्गापूरच्या कोळशाच्या खाणी लागतात. वाघ त्याही परिसरात फिरतात. ताडोब्याचा एकेकाळचा राजा मानला गेलेला ‘वाघडोह’ म्हातारपणी गाभा सोडून चंद्रपूरच्या बाजूला सरकला आणि मे २०२२ मध्ये तिकडच्याच जंगलात मेला. कोळसा, वीज, वाघ आणि माणूस एकमेकांना इतके खेटून आहेत, हे या रस्त्यावर जेवढं कळतं तेवढं गेटच्या आत कळत नाही. म्हणून चंद्रपूर-मोहर्ली हा प्रवास दिवसाउजेडी करावा.

ऋतूबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकांची आखणी इथेच एकांगी होते. “मे महिन्यात वाघ हमखास दिसतो,” हे वाक्य नागपूरपासून ठाण्यापर्यंत सगळ्यांना पाठ असतं. त्यात तथ्य आहे. पानगळ झालेली असते, गवत वाळलेलं असतं, पाणी थोड्या पाणवठ्यांवर उरलेलं असतं आणि ऊन ४५ अंशांच्या वर गेलं की वाघ दुपारी पाण्यात येऊन बसतो. बहुधा पाठमोरा, मागचे पाय आधी पाण्यात घालत. खात्याने सौर पंपांवर चालणारे पाणवठे केले आहेत, तिथेही वाट पाहता येते. पण चंद्रपूरचा मे महिना लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना खरोखर सोसत नाही. उघड्या जिप्सीतली दुपारची सफारी म्हणजे भट्टीजवळ बसणं. आजी-आजोबांना घेऊन जायचं असेल तर मे टाळा, हा सल्ला मी आग्रहाने देतो.

फेब्रुवारी-मार्च हे माझे सर्वांत आवडते दिवस. पळस फुललेला असतो, साग उघडा पडलेला असतो आणि पांढऱ्या सालीचं कांडोळ उन्हात लख्ख दिसतं. मार्च सरता सरता मोह गळायला लागतो. पहाटे त्या फुलांचा वास रस्त्यावर येतो, आणि त्या वासावर अस्वलंही येतात. पिल्लांना पाठीवर घेऊन चाललेली अस्वलाची मादी पाहायला मिळाली तर तिच्यासाठी वाघाचा माग सोडून द्यावा, इतकं ते दृश्य दुर्मीळ आहे. हिवाळ्यात तलावांवर स्थलांतरित बदकं असतात. ताडोबा तलावाच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, वाळलेल्या झाडावर मत्स्यगरुड असतो. पहाटे जिप्सीत इतकं गारठायला होतं की कानटोपी आणि घोंगडी लागतेच.

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं, बफरचे काही भाग पावसातही उघडे राहतात. पावसाळ्यातलं ताडोबा फार थोड्या लोकांनी पाहिलं आहे. नवरंग आणि स्वर्गीय नर्तक यांची ही विणीची वेळ. बांबूला नवे कोंब फुटलेले असतात, ओढे आवाज करत वाहत असतात. वाघ दिसण्याची शक्यता कमी आणि गाड्याही कमी. फोटोच्या ओझ्याविना जंगल पाहायचं असेल तर जुलैतला एक आठवडा ठेवावा.

आता गेटच्या आत.

पहाटेच्या पहिल्या गाड्यांना एक गोष्ट मिळते जी नंतरच्यांना मिळत नाही, ती म्हणजे स्वच्छ माती. काल संध्याकाळी शेवटची गाडी गेल्यानंतर रात्रभर त्या रस्त्यावर कोण चाललं ते धुळीत उमटलेलं असतं. टायरच्या ठशावर पगमार्क असेल तर तो गाडीनंतरचा, म्हणजे रात्रीचा किंवा पहाटेचा. नराचा पंजा चौकोनी, मादीचा किंचित लांबट. बाजूला लहान ठसे असतील तर पिल्लं सोबत आहेत. गाईड चालत्या गाडीतून वाकून हे वाचतो आणि चालकाला एका शब्दात दिशा सांगतो. हे पाहण्यासाठी तरी पुढे लक्ष ठेवावं.

मग कॉल. चितळ तीव्र, उंच आवाजात ओरडतं, पण ते भित्रं असतं. बिबट, रानकुत्रा, कधी नुसती सावलीही त्याला पुरते. वानर उंच फांदीवर बसून खाकरल्यासारखा आवाज काढतं, आणि त्याला वरून खरंच दिसत असतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. सांबराचा ‘ढांक’ असा खोल, घंटेसारखा आवाज आला आणि तो पुन्हा पुन्हा येत राहिला की गाईडचा चेहरा बदलतो. सांबर सहसा उगीच ओरडत नाही. अशा वेळी गाडी बंद करून थांबणं हीच सफारीतली सर्वांत भरलेली वेळ असते. कुठला आवाज कुठून आला, तो सरकतोय का, कोणत्या बाजूची पाखरं गप्प झाली, हे सगळं मिळून वाघाची वाट डोळ्यांपुढे उभी राहते. वाघ बाहेर आला नाही तरी तो कुठून कुठे गेला हे तुम्हाला कळलेलं असतं. मला विचाराल तर वाघ पाहण्याचा हाही एक पूर्ण प्रकार आहे.

पण थांबायला वेळ लागतो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी पाऊण तास. नेमका इथेच घरून आणलेला बेत आड येतो. एक सफारी हातात असलेला पर्यटक पाचव्या मिनिटाला विचारतो, “दुसरीकडे बघायचं का?” आणि गाईडला, तो मनात काही का म्हणेना, गाडी हलवावी लागते. मग सुरू होते ती या पाणवठ्यावरून त्या पाणवठ्यावर नुसती धावपळ. ताशी वीस किलोमीटरची वेगमर्यादा मोडते, धूळ उडते, आणि आधीपासून शांत उभ्या असलेल्या गाडीची वेळही वाया जाते. थांबणाऱ्यांनाच जंगल जास्त देतं, हा माझाच नव्हे, इथल्या अनुभवी गाईडांचाही अनुभव आहे. मुलांना हे आधी घरी सांगून ठेवावं. दुर्बीण द्यावी, पक्ष्यांची वही द्यावी. आवाज ओळखण्याचा खेळ मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर जमतो.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. मातकट रंग, पूर्ण बाह्या, अत्तर नको, प्लास्टिक नको. बाकी सगळं तिथे मिळतं.

ताडोब्यातल्या वाघांना नावं आहेत. माया, मटकासूर, छोटी तारा, सोनम. पांढरपौनीच्या पाणवठ्यावर राज्य करणारी माया तर गाड्यांना इतकी सरावलेली होती की हजारो पर्यटकांच्या घरी तिची छायाचित्रं असतील. ऑगस्ट २०२३ नंतर ती दिसेनाशी झाली तेव्हा लोकांनी खरोखर हळहळ केली. ती हळहळ मला समजते. एका प्राण्याला ओळखता आलं की जंगल परकं राहत नाही. पण त्याच मायेच्या संदर्भात आणखी एक नाव आहे आणि ते किती पर्यटकांना माहीत आहे? २० नोव्हेंबर २०२१ रोजी अखिल भारतीय व्याघ्रगणनेच्या कामासाठी वनरक्षक स्वाती ढुमणे कोलारा भागात वनमजुरांसोबत पायी निघाल्या होत्या. वाटेवर वाघीण बसलेली दिसली. त्या थांबल्या, वाट पाहिली, मग तिला टाळून दाट झाडीतून वळसा घेतला. तिथे वाघिणीने हल्ला केला आणि त्या गेल्या. ती वाघीण माया असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं.

आपण जिथे जिप्सीतून खाली पाय ठेवू शकत नाही, तिथे हे लोक रोज पायी चालतात. वाघांची संख्या कळते ती त्यांच्या पायांमुळे. २००६ मध्ये देशात १,४११ वाघांचा अंदाज निघाला होता, २०२२ मध्ये तो ३,६८२ झाला. महाराष्ट्रात याच काळात १०३ वरून ४४४. या वाढीचा मोठा भाग चंद्रपूरच्या पट्ट्यातला आहे, आणि वाढलेले वाघ ताडोब्यात मावत नाहीत. तरुण नर-मादी ब्रह्मपुरीच्या जंगलात जातात, शेतांच्या कडेने जातात, कालव्यांच्या काठाने जातात. टिपेश्वरहून निघालेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर घातलेला ‘वॉकर’ तर तेलंगण आणि मराठवाडा ओलांडत तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता.

हे सगळं ज्यांच्या दारातून घडतं, ती बफरमधली गावं. एप्रिलमध्ये बाया-माणसं पहाटे मोह वेचायला जंगलात जातात, नेमकी आपली पहिली गाडी गेटवर उभी असते त्याच वेळी. मे महिन्यात तेंदूपत्ता. वर्षभराच्या घरखर्चाचा मोठा भाग या दोन हंगामांवर असतो आणि चंद्रपूर जिल्ह्यातले वाघाचे हल्ले याच दिवसांत वाढतात. मोह वेचायला वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटतंच असं नाही. सरकार मृताच्या वारसांना २५ लाख रुपये देतं. गावात प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत, सौर कुंपणं आहेत, जन-वन विकास योजनेतून स्वयंपाकाचा गॅस आला आहे. हे चांगलं आहे, पण घरातलं माणूस गेल्यावर या कशानेही भरपाई होत नाही. ज्या जामणी आणि नवेगावच्या माळांवर आज पर्यटकांना हमखास चितळ आणि वाघ दिसतात, ती गावं होती. लोक उठून बाहेर गेले, शेतांचं गवत झालं, गवतावर चितळ आले. तिथे गाडी उभी असताना गाईडला गावाबद्दल जरूर विचारावं. घरं कुठे होती, विहीर कुठे होती. तो सांगतो, आणि कधी कधी तो त्याच गावचा असतो.

म्हणून आखणीत एक दिवस बिनसफारीचा असावा, असं मला वाटतं. मुक्कामासाठी गावातलं घर निवडावं, तिथली भाकर आणि भाजी खावी, बांबूकाम करणाऱ्यांकडून काहीतरी घ्यावं. मोहर्लीतल्या आणि इतर गेटांवरच्या महिला गाईडांशी बोलावं. जंगलात सरपण आणायला जाणाऱ्या घरांतल्या मुली आता पर्यटकांना जंगल समजावून सांगतात, हे गेल्या काही वर्षांत ताडोब्यात झालेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे.

ज्यांना वाघाची ओढ आहे पण गर्दी नको, त्यांना इतर जंगलं आहेत. नवेगाव-नागझिरा, जिथे राहून व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिलं आणि जिथल्या नवेगाव बांधच्या तळ्यावर वनाधिकारी मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांचा अभ्यास केला. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले. त्यांची पुस्तकं वाचून तिथे जाणं हीच त्या सहलीची खरी पूर्वतयारी. मेळघाट, १९७३ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, डोंगराळ आणि कोरकूंचा मुलूख. तिथे वाघ सहजी दिसत नाही, पण रानपिंगळा दिसू शकतो. शंभराहून अधिक वर्षं नाहीसं झालं असं मानलेलं हे छोटं घुबड १९९७ मध्ये नंदुरबार भागात पुन्हा सापडलं आणि पुढे मेळघाटातही त्याचा चांगला वावर असल्याचं कळलं. पेंचला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तिथे दिवसा सागाचं जंगल आणि रात्री आकाशगंगा पाहावी. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद करण्याचा उपक्रम वनखातं बफर क्षेत्रांत घेतं. त्यासाठी नाव नोंदवता आलं तर सफारी बाजूला ठेवून तिकडे जावं. बारा तास एका जागी न बोलता बसायची तयारी मात्र हवी.

राहता राहिला पैशाचा एक विषय. गाईडचं मानधन ठरलेलं असतं, वर जे मिळतं ते बक्षीस. आणि बक्षीस वाघावर अवलंबून असतं, हे सगळ्या जंगलांतलं उघड सत्य आहे. वाघ दिसला की पाचशेची नोट, नाही दिसला तर नुसतं “थँक्यू”. गोठणगावच्या रस्त्यावर जे झालं त्यामागे या हिशोबाचाही वाटा असणार, असं मला वाटतं. हा हिशोब मोडणं पर्यटकाच्याच हातात आहे. गेटवर गाडीत बसताना, निघण्याआधी, गाईडला आणि चालकाला सांगून टाकावं की वाघ दिसो न दिसो, तुमचं ठरलेलं आम्ही देणार आहोत. आज आम्हाला कॉल ऐकायचे आहेत, झाडं ओळखायची आहेत, जिथे तुम्हाला वाटेल तिथे थांबा. मी हे करत आलो आहे आणि गाईडांचं बोलणं त्यानंतर कसं मोकळं होतं ते पाहिलं आहे. तो हळदू आणि बिजा दाखवतो, रानकुत्र्यांच्या शिळेबद्दल सांगतो, त्याच्या आजोबांच्या वेळचं जंगल सांगतो. सफारी संपल्यावर ती रक्कम दोघांच्या हातावर ठेवावी, चालकाला विसरू नये. गाईडांची पाळी लागलेली असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तोच तुमच्या वाट्याला येईल असं नाही. दुपारी तो दुसऱ्या कुटुंबाला घेऊन आत जाईल. पण सकाळचं बक्षीस वाघाविनाच हातात पडलेलं असल्याने, वाघीण पिल्लांसह रस्त्यावर आलीच तर गाडी दूर थांबवायला त्याला जरा कमी भीती वाटेल.